रात्रीचा खोकला : त्याची कारणे आणि शांत झोपेचे उपाय

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे गाव आहे. जुना दगडी किल्ला, टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि गोड रसाळ पपनसे यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. २००८ साली बंगळूरचा नवा विमानतळ याच परिसरात सुरू झाल्यापासून त्याचे नाव दूरवर पोचले आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मात्र या तालुक्याची नोंद निराळ्याच कारणाने झाली आहे. १९६१ ते १९६८ या काळात बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने देवनहळ्ळी, नेलमंगल आणि मागडी या तेव्हाच्या बंगळूर जिल्ह्यातील तीन तालुक्यांत एक मोठी पाहणी केली. ११९ खेडी आणि सुमारे ६५,००० लोकवस्ती हे त्या पाहणीचे क्षेत्र होते. खोकला ही क्षुल्लक तक्रार केव्हा समजावी आणि गंभीर रोगाची खूण केव्हा समजावी, हा प्रश्न या पाहणीच्या निष्कर्षांशी निगडित आहे. तिची हकीकत पुढे यथास्थळी येईल. आरंभी खोकला म्हणजे काय आणि तो रात्रीच का बळावतो, याचा विचार करणे इष्ट होईल.

खोकला : शरीराचा पहारेकरी

खोकला हे रोगाचे घर आहे, अशा अर्थाची एक जुनी म्हण उत्तर हिंदुस्थानात रूढ आहे. शास्त्रीय दृष्टीने पाहता खोकला हे रोगाचे घर नसून घराच्या दारावरचा पहारेकरी आहे. नाकातोंडावाटे आत जाणाऱ्या हवेबरोबर धूळ, धूर, परागकण आणि रोगजंतू सतत शरीरात शिरत असतात. त्यांना अडविण्यासाठी श्वासमार्गाच्या आतील अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर पसरलेला असतो. या थराखाली अतिसूक्ष्म केसांसारखे असंख्य तंतू असतात. ते एका सेकंदात दहा ते वीस वेळा एकाच दिशेने फटकारे मारतात आणि कचऱ्यासह श्लेष्मा घशाकडे ढकलीत राहतात. घशापर्यंत आलेला हा श्लेष्मा मनुष्य नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसाला या अखंड चाललेल्या झाडलोटीची जाणीवही होत नाही.

ही व्यवस्था अपुरी पडली की खोकल्याची पाळी येते. स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या शाखा यांच्या अस्तरात संवेदनशील मज्जातंतूंची टोके असतात. त्यांना इजा वा चिथावणी मिळताच ती वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राकडे जाते. तेथून लगोलग आज्ञा सुटतात. प्रथम माणूस खोल श्वास घेतो. नंतर स्वरयंत्राचे दार क्षणभर घट्ट मिटते आणि छातीचे व पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावल्याने फुप्फुसांतील हवेवरचा दाब वाढतो. शेवटी दार एकाएकी उघडते आणि दाबलेली हवा वादळाच्या वेगाने बाहेर पडून आपल्याबरोबर कफ वा परका कण घेऊन जाते. पाणी पिताना लागणारा ठसका हे याच क्रियेचे रोजच्या परिचयाचे उदाहरण होय.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. खोकला हा स्वतः रोग नव्हे. तो कोणत्या तरी कारणाचा परिणाम आहे. म्हणून खोकला दाबून टाकणे हे प्रत्येक वेळी हिताचे नसते. पहारेकरी ओरडू लागला असता त्याचे तोंड बांधण्यापूर्वी तो कशासाठी ओरडतो आहे हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

रात्र होताच खोकला का वाढतो

दिवसभर कामात वावरणारा माणूस संध्याकाळपर्यंत बरा असतो आणि पाठ टेकताच त्याला ढास लागते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. वास्तविक गाढ झोपेत खोकल्याची प्रतिक्रिया मंदावते. म्हणून रात्रीचा खोकला बहुधा झोप लागण्यापूर्वी, झोप चाळवली असता किंवा पहाटेच्या सुमारास येतो. त्याची कारणे येणेप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण शरीराच्या स्थितीचे आहे. उभे असताना नाकातील स्राव पुढच्या बाजूने गळतो किंवा सहज गिळला जातो. उताणे निजले असता तोच स्राव मागच्या बाजूने घशात उतरतो आणि तेथे साचून स्वरयंत्राला डिवचतो. जठरातील आम्लही उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षणामुळे खाली राहते; आडवे होताच त्याला अन्ननलिकेत वर चढण्यास वाट मिळते.

दुसरे कारण शरीराच्या आंतरिक घड्याळाचे आहे. श्वासनलिकांचा व्यास चोवीस तास सारखा राहत नाही. पहाटे चारच्या सुमारास त्या सर्वांत अरुंद असतात. दाह आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास रक्तात सर्वांत कमी असते आणि सकाळी जागे होण्याच्या वेळी ते पुन्हा वाढते. निरोगी माणसाला हा चढउतार जाणवत नाही. परंतु ज्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या आहेत, त्याला तो जागे करतो.

तिसरे कारण निजण्याच्या जागेचे आहे. बंद खोली, जुन्या गादीतील धूळ, डास पळविणाऱ्या कॉइलचा धूर आणि पहाटेची थंड कोरडी हवा यांच्याशी सात-आठ तासांचा सहवास घडतो. देवनहळ्ळीसारख्या समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत रात्री बऱ्याच गार असतात. अशा वेळी दारेखिडक्या लावून घेण्याकडे लोकांचा कल असतो आणि आतला धूर व दमटपणा आतच कोंडला जातो.

नेहमी आढळणारी कारणे

सर्दी-पडसे : रात्रीच्या खोकल्याचे सर्वसाधारण कारण म्हणजे विषाणूंमुळे होणारी सर्दी होय. नाक वाहते, घसा खवखवतो, थोडा ताप येतो आणि मागाहून खोकला सुरू होतो. बाकीची लक्षणे आठवडाभरात नाहीशी झाली तरी खोकला आणखी काही दिवस रेंगाळतो. कारण सोलवटलेले अस्तर पूर्ववत् होण्यास वेळ लागतो. हा खोकला हळूहळू कमी होत जातो, ही त्याची खूण आहे. विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. म्हणून साध्या सर्दीसाठी ती औषधे घेणे निरर्थक आहे.

ॲलर्जी आणि दमा : नाकाच्या ॲलर्जीत शिंका, डोळ्यांची खाज आणि घशात उतरणारा स्राव असतो. दम्यात श्वासनलिकांच्या भिंती सुजतात, त्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि छातीतून शिटीसारखा आवाज येतो. काही रोग्यांत, विशेषतः मुलांत, आवाज वा धाप न होता केवळ रात्री व पहाटे येणारा कोरडा खोकला हेच दम्याचे एकमेव लक्षण असते. दमा रात्री उठतो, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. स्वतः दम्याने पीडित असलेल्या सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यात आपले झटके रात्री झोपेनंतर येत असल्याची नोंद केली. १९८८ साली ब्रिटनमधील ७,७२९ दमेकऱ्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७४ टक्के लोकांची झोप आठवड्यातून एकदा तरी दम्यामुळे मोडत असे.

बंगळूर परिसरात हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. डॉ. एच. परमेश यांनी बंगळूरच्या एका रुग्णालयात आलेल्या मुलांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. १९७९ साली त्यांतील दम्याचे प्रमाण ९ टक्के होते. १९९९ साली ते २९.५ टक्क्यांवर गेले. हे आकडे रुग्णालयातील मुलांचे आहेत. सर्व शहराला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत; तरी वाढीची दिशा त्यांतून स्पष्ट होते. वाहनांचा धूर, दाट वस्ती आणि परागकण यांचा या वाढीशी संबंध जोडला जातो.

परागकणांत गाजर गवताचा वाटा लक्षणीय आहे. काँग्रेस गवत या नावानेही ओळखली जाणारी ही परदेशी वनस्पती पुण्यात १९५६ च्या सुमारास प्रथम शास्त्रज्ञांच्या नजरेस आली आणि पुढे देशभर पसरली. बंगळूर येथील संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या शहरातील शंभर लोकांमागे सुमारे सात जणांना या गवतामुळे नाकाची ॲलर्जी होत होती. देवनहळ्ळी तालुक्यात, विशेषतः विजयपूरच्या आसपास, रेशीमउद्योग चालतो. रेशीमकिड्यांच्या पतंगांवरील खवल्यांची भुकटी आणि कोषांवरील सूक्ष्म धूळ यांमुळेही संवेदनशील माणसांना दमा जडू शकतो. किड्यांचे संगोपन राहत्या घरातच होत असेल, तर रात्रीची झोप याच हवेत घ्यावी लागते.

अंथरुणातील कीटक : घरातील धुळीत एक अष्टपाद जीव राहतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाइतकीच असल्याने तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या त्वचेचे गळलेले कण हे त्याचे अन्न आणि दमट गादी-उशी हे त्याचे निवासस्थान होय. तो चावत नाही. परंतु त्याच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे अनेकांना ॲलर्जी होते. घरातील धुळीच्या ॲलर्जीचे मूळ या जीवात आहे, हे हॉलंडमधील लायडन येथील वूरहॉर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले.

आम्लाचा उलटा प्रवाह : जठर आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. ते सैल पडले की आम्ल वर चढते. छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी सुटणे आणि सकाळी आवाज बसणे ही त्याची लक्षणे आहेत. कित्येकदा जळजळ मुळीच नसते आणि केवळ खोकला असतो. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे होण्याच्या सवयीने हा त्रास वाढतो.

धूर : विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासमार्गातील सूक्ष्म तंतू दुबळे होतात आणि रात्रभर साचलेला कफ सकाळी खोकून काढावा लागतो. चुलीवर लाकूड, गोवऱ्या वा काटक्या जाळणाऱ्या घरांत हाच त्रास धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांना व मुलांना होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, डास पळविणारी एक कॉइल पूर्ण जळली असता तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण हवेत मिसळतात. डासांपासून संरक्षण हवेच. परंतु मच्छरदाणी ते काम धुराविना करते.

दुर्लक्ष करू नयेत अशी कारणे

काही कारणे तुलनेने कमी आढळतात. पण त्यांची ओळख असणे आवश्यक आहे. हृदयाची डावी बाजू दुबळी झाली असता निजल्यावर फुप्फुसांत रक्ताचा व पाण्याचा साठा वाढतो. असा रोगी मध्यरात्री घुसमटून उठतो, बसल्यावर त्याला बरे वाटते आणि त्याच्या पायांवर पुष्कळदा सूज असते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांमुळेही काहींना कोरडा चिवट खोकला लागतो. तसे वाटल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. डांग्या खोकल्यात मुलाला एकापाठोपाठ एक उबळी येतात, शेवटी श्वास आत ओढताना हुप् असा आवाज होतो आणि बहुधा उलटी होते. रात्री हा त्रास अधिक असतो. तान्ह्या बाळांना तो प्राणघातक ठरू शकतो. वेळच्या वेळी लस टोचणे हाच त्यावरचा खरा बंदोबस्त होय. खेळता-खेळता मुलाला एकाएकी ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा मणी श्वासनलिकेत अडकल्याची शंका घ्यावी आणि त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

या सर्वांत भारतीय वाचकाने विसरू नये असे कारण म्हणजे क्षयरोग होय. येथे देवनहळ्ळीच्या पाहणीकडे वळणे प्राप्त आहे.

खेड्यांनी शिकवलेला धडा

राष्ट्रीय क्षयरोग संस्था बंगळूर येथे १९५९ साली स्थापन झाली. त्या काळी क्षयावर गुणकारी औषधे उपलब्ध झाली होती. परंतु रोगी खेड्यापाड्यांत विखुरलेले होते आणि त्यांना शोधावे कसे, हा प्रश्न होता. खेडूत माणूस आपल्या खोकल्याची पर्वा करीत नाही, म्हणून फिरत्या क्ष-किरण गाड्या घेऊन त्याला गाठले पाहिजे, असा सर्वसाधारण समज होता.

या समजाची परीक्षा संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात केली. त्यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांच्या घरी जाऊन विचारपूस केली असता बहुतेकांना आपल्या लक्षणांची पूर्ण जाणीव असल्याचे दिसून आले. अर्ध्याहून अधिक रोगी त्या लक्षणांसाठी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे मात्र थुंकीची तपासणी न होता खोकल्याच्या औषधाची एक बाटली हाती देऊन त्यांची बोळवण झाली होती. दोष रोग्याच्या अज्ञानाचा नव्हता. त्याच्या खोकल्याचे कारण न शोधण्याच्या रीतीचा होता.

देवनहळ्ळी, नेलमंगल व मागडी येथील दीर्घ पाहणीने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखविली. तेथील गावकऱ्यांची पाच वर्षांच्या काळात चार वेळा तपासणी झाली. त्वचेवरील ट्युबरक्युलिन चाचणी, छातीचे क्ष-किरण चित्र आणि थुंकीची परीक्षा ही तिची साधने होती. क्षयरोगावरील नियोजनबद्ध उपचारयोजना त्या गावांत तोवर पोचली नव्हती. १९७४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या तपासणीत ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले होते, त्यांपैकी पाच वर्षांअखेर सुमारे निम्मे, म्हणजे ४९.२ टक्के, मृत्यू पावले होते. ३२.४ टक्क्यांच्या थुंकीतून जंतू नाहीसे झाले होते आणि १८.४ टक्के लोक अद्याप जंतू बाहेर टाकीत होते. हे शेवटचे लोक खोकत होते, घरात वावरत होते आणि नकळत आपल्या मुलामाणसांना रोग देत होते.

या टक्केवारीमागे देवनहळ्ळीसारख्या तालुक्यांतील खरी घरे आहेत, हे विसरता कामा नये. रात्री खोकणाऱ्या माणसाला काढा देऊन झोपविणाऱ्या घराने प्रेमाची कसूर केलेली नसते. त्याला फक्त एक तपासणी वेळेवर मिळालेली नसते. आज ती तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य होते. साध्या क्षयरोगाचा उपचार बहुधा सहा महिन्यांत पूर्ण होतो, औषधे विनामूल्य मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेखाली रोग्याला आहारासाठी दरमहा १,००० रुपये देण्याची तरतूद आहे. म्हणून दोन आठवडे टिकलेला कोणताही खोकला थुंकीच्या तपासणीस पात्र आहे, हा नियम प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा.

घरच्या घरी करावयाचे उपाय

कारण साधे असेल, तर पुढील उपायांनी रात्र सुखाची जाते.

(१) अंथरूण : खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी. आम्ल वर चढण्यास त्यामुळे अटकाव होतो. नुसत्या उशांचा ढीग रचल्यास शरीर कंबरेत मुडपते आणि पोटावर उलट दाब येतो. आम्लाचा त्रास असणाऱ्याने डाव्या कुशीवर निजावे. एक वर्षाखालील बाळाला मात्र उशी देऊ नये. त्याला सपाट अंथरुणावर उताणेच निजवावे.

(२) जेवण : रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे आणि ते हलके असावे.

(३) खोली : निजण्याच्या खोलीत विडी, उदबत्ती, धूप वा कॉइल जाळू नये. चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवावेत. ५५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णतेस धुळीतील जीव मरतात. गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्यावे. केर काढण्यापूर्वी फरशी ओल्या फडक्याने पुसल्यास धूळ उडत नाही. भिंतीला ओल असल्यास ती दुरुस्त करावी.

(४) नाक आणि घसा : कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम वाटतो. नाक धुण्यासाठी वापरावयाचे पाणी उकळून निववलेलेच असावे. ऊन पाणी, सूप वा हळदीचे दूध घोटघोट प्याल्याने घसा ओला राहतो व कोरडी ढास शमते.

(५) मध : आजीच्या या औषधाला प्रयोगाचा आधार लाभला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे इयान पॉल व सहकाऱ्यांनी २००७ साली सर्दीखोकल्याने आजारी असलेल्या १०५ मुलांवर प्रयोग केला. काहींना निजण्यापूर्वी मध दिला, काहींना प्रचारातील खोकल्याचे औषध दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पालकांच्या नोंदींनुसार मध घेतलेल्या मुलांचा खोकला सर्वांत अधिक कमी झाला आणि त्यांची झोप सुधारली. निजण्याआधी चहाचा एक चमचा मध पुरेसा आहे. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध कदापि चाटवू नये. मधातील काही जंतुबीजे बाळाच्या आतड्यात वाढून बॉट्युलिझम नावाचा भयंकर विकार उत्पन्न करू शकतात.

(६) वाफारा : वाफाऱ्याने क्षणभर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु कढत पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजण्याचे प्रसंग वारंवार घडतात. लहान मुलांना तो देऊ नये हेच बरे. कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो. तो मुलांच्या हाती लागू देऊ नये.

दमा असल्यास घरगुती उपायांवर विसंबून राहू नये. श्वासावाटे घ्यावयाचे दाहशामक औषध नियमितपणे घेतल्याने श्वासनलिकांची सूज उतरते आणि रात्री शांत जातात. या औषधाची सवय लागते, हा समज चुकीचा आहे. त्यातील औषधाची मात्रा अत्यल्प असते आणि ती नेमकी श्वासमार्गात पोचते. रात्रीच्या खोकल्याने वरचेवर जाग येणे हे दमा आटोक्यात नसल्याचे चिन्ह समजावे.

खोकल्याच्या बाटलीविषयी सावधगिरी

खोकल्याचे गोड औषध निरुपद्रवी असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास तिच्या विरुद्ध साक्ष देतो. १९३७ साली अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात बनविलेल्या एका औषधाने शंभराहून अधिक लोक मृत्यू पावले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रोगी दगावले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक बालके प्राणास मुकली. त्या वेळीही तेच विष आढळले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने सूचना काढली की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देण्यासारखी नाहीत.

औषध शुद्ध असले तरी साध्या सर्दीतील मुलांच्या खोकल्यावर त्याचा उपयोग अल्पच होतो. गुंगी आणणारी औषधे मुलाला झोपवितात. पण खोकल्याचे कारण जागेच राहते. कोडीनसारखी द्रव्ये लहान मुलांचा श्वास मंदावू शकतात. तस्मात् दुकानदाराच्या सांगण्यावरून बाटली आणण्याची प्रथा सोडणे श्रेयस्कर होय.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकणे, थुंकीत रक्त दिसणे, संध्याकाळी बारीक ताप येणे, वजन घटणे, रात्री घाम फुटणे, पाय सुजणे किंवा दर रात्री घुसमटून जाग येणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच तपासणी करून घ्यावी. मुलाचा श्वास जलद चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते पाणीही पीत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना कारण शोधणे सोपे व्हावे म्हणून सात रात्रींची एक लहानशी नोंदवही ठेवावी. निजण्याची व जेवणाची वेळ, खोकला किती वाजता आला, तो कोरडा होता की कफासह, बसल्यावर कमी झाला काय, खोलीत धूर वा धूळ होती काय, सोबत जळजळ वा शिटीसारखा आवाज होता काय, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. पाठ टेकताच येणारा खोकला नाकाकडे किंवा जठराकडे बोट दाखवितो. पहाटे येणारा दम्याकडे. आणि दिवसरात्र टिकून राहून अंग झिजविणारा क्षयाकडे.

तात्पर्य, रात्रीचा खोकला शमविण्याचा मार्ग त्याच्या कारणातून जातो. मधाचा चमचा, उंचावलेली खाट आणि धूरविरहित खोली यांनी बहुतेक घरांतील रात्री शांत होतील. ज्या घरांतील होणार नाहीत, त्यांच्यासाठी तपासणीचे दार उघडे आहे. अर्धशतकापूर्वी देवनहळ्ळीच्या खेड्यांतील रोग्यांना जे सहजी लाभले नाही, ते आज गावच्या आरोग्यकेंद्रात मिळू शकते. ते मागून घेणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य होय.

विचारासाठी प्रश्न

१. खोकल्याच्या क्रियेतील टप्पे क्रमाने सांगा. स्वरयंत्राचे दार मिटले नाही तर काय होईल?
२. दमा पहाटेच्या सुमारास अधिक का उठतो?
३. खाटेची डोक्याकडील बाजू उंच करणे आणि जास्त उशा घेणे यांत कोणता फरक आहे?
४. तुमकूर जिल्ह्यातील अभ्यासाने कोणता समज खोटा ठरविला?
५. आपल्या घरातील निजण्याच्या खोलीची पाहणी करून खोकला वाढविणाऱ्या गोष्टींची यादी करा.